बारा जणींचे आकडे परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
संशोधन नीती समिती,
दक्षिण किनारा मणका-चिकित्सा संशोधन संस्था,
देवदार टेकडी.

अर्जदार: सागोंग ओक-बुन, वय ६३, धंदा शिंपल्यांतली कालवे फोडणे, टेबल क्र. ४, हान्मोक बंदर.

विषय: ‘निरोगी व्यक्तींचे मणके हाताळल्याने त्यांची वेदनेची जाणीव कमी होते का’ या आपल्या चाचणीतून आम्हा बारा स्त्रियांचे आकडे काढून टाकणे व तसा दाखला १२ सप्टेंबरपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझा अर्ज दि. ११ जुलै २०२३.
२) आपले पत्र क्र. नी/१८८, दि. ३ ऑगस्ट २०२३ (दीड ओळ).
३) आपल्याच संमतिपत्रातील कलम नऊ.

महोदय,

आपले दीड ओळीचे पत्र पोचले. त्यातली एक ओळ समितीची आहे आणि अर्धी शब्दकोशाची. ‘अर्जदाराने चाचणीच्या वेळी उच्चारलेला शब्द “शिवोन” हा असून शब्दकोशानुसार त्याचा अर्थ “गार, सुखद” असा होतो, सबब वेदनेची नोंद आढळत नाही.’ खाली सात सह्या आहेत. सातही जण याच किनाऱ्यावर वाढलेले, आईच्या हातचे शेवाळाचे सार पिऊन मोठे झालेले, आणि या एका शब्दासाठी सातांना मिळून शब्दकोश उघडावा लागला याचे मला नवल वाटले. नवल ओसरल्यावर जे वाटले ते क्रमाने मांडते. पुढचे उत्तर अर्ध्या ओळीचे आले तरी चालेल, फक्त ते आपले स्वतःचे असावे.

१. प्रथम माझे काम काय अडले आहे ते सांगते, म्हणजे वाचता वाचता चहा गार होणार नाही. मी एकतीस हिवाळे कालवे फोडत आले. डाव्या हातात शिंपला, उजव्या हातात सुरी. सुरीचे टोक शिंपल्याच्या बिजागरीत, मनगटाला पीळ, खांद्याचा झटका, आणि कालव वाटीत. पुन्हा शिंपला, पुन्हा झटका. समुद्राला जशी लाट तसा आमच्या खांद्याला झटका. फरक एवढाच की समुद्र म्हातारा होत नाही. गेल्या १४ फेब्रुवारीला मी सुरी खाली ठेवून डोळ्यांवर आलेले केस मागे सारायला हात उचलला, तो कानापर्यंत पोचलाच नाही. खांद्यातली दोरी फाटली आहे असे मोठ्या दवाखान्यातल्या चित्रात दिसले. हा आजार कामामुळे झाला असे मान्य व्हावे म्हणून मी कामगार आजार निश्चिती मंडळाकडे अर्ज केला. १९ जून रोजी तो फेटाळला गेला. फेटाळण्याची चार कारणे दिली आहेत, त्यांतली तीन आपल्या चाचणीतून उचललेली आहेत. फेरसुनावणी १२ सप्टेंबर रोजी सकाळी दहा वाजता आहे. तिथेही नाही म्हटले तर त्यापुढे दार नाही. ऑक्टोबरात हंगाम सुरू होतो, आणि या हाताने मला टेबल मिळणार नाही. उपचार मान्य झाले तर हात पुन्हा वर जाईल असे डॉक्टर म्हणतात. अडले आहे ते एवढेच.

२. आता आपल्या चाचणीकडे वळते. निरोगी, वेदनारहित माणसांचे मणके हाताळल्यावर त्यांना दुखणे कमी जाणवते का हे पाहणे, असा तिचा हेतू माहितीपत्रकावर छापला आहे. तो मी तीनदा वाचला. पहिल्यांदा वाटले की चष्म्याचा नंबर वाढला. ज्याला दुखत नाही त्याचे दुखणे कमी झाले का, हे शोधायचे. म्हणजे जेवून उठलेल्याला परत पानावर बसवायचे आणि आता भूक कशी आहे विचारायचे. चाचणी घेणारे प्रा. मेंग यांनी मला नंतर नीट समजावले. आधी यंत्राने मुद्दाम थोडे दुखवायचे, मग मणके बसवायचे, मग पुन्हा तितक्याच बेताने दुखवायचे, आणि दुसऱ्या वेळी माणूस उशिरा कळवळला तर तो हाताळणीचा गुण. आजारी माणसात शंभर गोष्टी मिसळलेल्या असतात, निरोगी माणूस कसा स्वच्छ पाण्यासारखा, असेही ते म्हणाले. यात तर्क आहे, मी नाकारत नाही. पण स्वच्छ पाणी हवे होते तर ते शोधायला कालवांच्या शेडमध्ये कशाला यायचे?

३. आले त्याचे कारण असे. आमच्या शेडचे मालक श्री. गाम हे प्रा. मेंग यांचे साडू. शहरातल्या विद्यार्थ्यांनी चाचणीच्या निम्म्याहून अधिक जागा भरल्या होत्या, पण साठीच्या आसपासची निरोगी माणसे मिळेनात, आणि मिळाली तर त्यांना वेळ नसे. तेव्हा मालक एका सकाळी टेबलांच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी विचारले, ‘बायांनो, कुणाला काही दुखतंय का?’

आमच्या शेडमध्ये या प्रश्नाला उत्तर एकच आहे. जिला दुखते तिला मालक मोठ्या मायेने घरी विश्रांती घ्यायला सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर दुसरी उभी असते. त्याआधीच्या हंगामात सातव्या टेबलावरची बाई फक्त कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. ती अजून विश्रांतीच घेत आहे. सबब आम्ही बाराही जणींनी मान हलवून नाही म्हटले. बारा फॉर्मांवर ‘गेल्या तीन महिन्यांतील वेदना: नाही’ हे मालकांनी स्वतःच्या अक्षरात, एकाच पेनाने लिहिले, आणि आम्ही शिक्के मारले. हात ओले होते म्हणून शिक्के पसरले आहेत. फाइल उघडून पाहावी. आपल्या चाचणीतले निरोगीपण त्या पसरलेल्या शाईइतके आहे.

४. चाचणी १९ नोव्हेंबर रोजी झाली. त्या दिवशी वारा होता, होड्या निघाल्या नव्हत्या, म्हणून मालकांचे काही बुडत नव्हते. धक्क्यावरून बसमध्ये आणि बसमधून थेट आपल्या पांढऱ्या खोलीत आम्हाला नेले, कागदासारखे पातळ झगे घातले, आणि पहिली मोजणी तिथेच उभ्या-उभ्या उरकली. रबरी टोकाचा दांडा पोटरीवर टेकवायचा आणि दाब वाढवत न्यायचा. दाब जिथे दुखण्यात बदलेल त्या क्षणी बाईने सांगायचे. दांडा कुणी कधी पाहिलेला नव्हता. त्यात सुई असेल अशी माझी समजूत. चार किलोलाच मी थांबा म्हटले. तिसऱ्या टेबलावरची तर दांडा लागायच्या आधीच थांबा म्हणाली, आणि तेही लिहून घेतले गेले.

मग आम्हाला तापत्या फरशीवर पांघरूण देऊन निजवले, जवाचा चहा दिला, तांदळाची वडी दिली. एकतीस वर्षांत नोव्हेंबरच्या एखाद्या शनिवारी दिवसाउजेडी मी पाय पसरून पडल्याचे मला आठवत नाही. प्रा. मेंग आले. त्यांनी मला कुशीवर वळवले, माझे हात माझ्याच छातीवर बांधले, अंगाचा भार टाकला, आणि पाठीत एकामागून एक तीन आवाज झाले, सुकलेली काटकी मोडावी तसे. नंतर दुसरी मोजणी. सहायक श्री. सोक यांनी दांडा पुन्हा पोटरीवर ठेवला आणि तो नेमका त्या गाठीवर बसला जी दहा-दहा तास उभे राहून मी वर्षानुवर्षे पोसली आहे. तिथे आजवर कुणाचे बोट पोचले नव्हते. माझ्या तोंडून आपसूक निघाले, ‘आय्गो, शिवोन!’

श्री. सोक चाळिशीचे, स्वभावाने बरे, पण राजधानीकडचे. त्यांच्या कागदावर दोनच चौकटी होत्या, दुखते आणि दुखत नाही. त्यांनी विचारले, ‘काकू, म्हणजे दुखतंय का नाही?’

मी म्हटले, ‘दुखतंय म्हणून तर बरं वाटतंय. दाबा की.’

त्यांनी ‘दुखत नाही’वर खूण केली आणि दाबत राहिले. मी डोळे मिटून गुणगुणू लागले. आमच्या टेबलावर दुखणे वाढले की गाणे वाढते, आणि त्या दिवशी ओठांवर आले ते असे:

शिंपले ग शिंपले, दार तुझं घट्ट,
तुझा हट्ट मोडता मोडता मोडलं मनगट.

दहा किलोला यंत्राने शीळ घातली आणि ते थांबले, कारण त्यापुढे त्याला जाता येत नाही. श्री. सोक यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘सहभागी गात होती, त्रास नाही.’ गाण्याचे शब्द लिहून घेतले असते तर वेगळी मोजणी करावी लागली नसती. पोटरीवर बटणाएवढा काळानिळा डाग चार दिवस होता. त्याची नोंद कोणत्या रकान्यात आहे ते कळावे.

५. आमच्यातल्या सात जणींचे मणके खरोखर बसवले आणि पाच जणींना नुसता हात लावून सोडले. कुणाला खरे आणि कुणाला नाटकी हे आम्हाला कळता कामा नये, म्हणून आपसात बोलू नका अशी सूचना होती. कालवे फोडणाऱ्या बारा बायका, ऊबदार खोली आणि वडीचे ताट. सूचना देणाऱ्याचे लग्न झाले नसावे. दहा मिनिटांत सगळ्यांना सगळे ठाऊक होते. ज्यांचे काही वाजले नाही त्यांनी परतीच्या बसमध्ये तोंडे फुगवली. नवव्या टेबलावरची पाठीवर हात फिरवत सगळ्यांना सांगत होती, ‘मला मेलीला नुसतं कुरवाळलं, भाजी घ्यायच्या आधी भोपळ्याला कुरवाळतात तसं.’ आपल्या छापील निबंधात मात्र ‘सहभागींना आपला गट ओळखता आला नाही’ असे वाक्य आहे. हे वाक्य बसमध्ये मोठ्याने वाचले असते तर बस थांबवावी लागली असती.

६. आता त्या शब्दाबद्दल, कारण समितीचा सगळा भार त्यावर आहे. अध्यक्ष महोदय, दारू जरा जास्त झाल्यावर दुसऱ्या सकाळी वाळल्या माशाचे कढत सार आपण ओठांना लावता, जीभ भाजते, डोळ्यांत पाणी येते. तेव्हा आपण काय म्हणता? न्हाणीघरात उकळत्या हौदात मानेपर्यंत उतरताना काय म्हणता? घासणारी बाई पाठ लाल होईपर्यंत घासते तेव्हा, नातू मुठी वळून खांद्यांवर मारतो तेव्हा, नऊ वर्षे उरावर बसलेली जाऊ सामान बांधून जाते तेव्हा? प्रत्येक वेळी शिवोन. गारवा त्यात कुठेच नाही. हा शब्द दुखण्याच्या पोटात राहतो, कालव शिंपल्यात राहावे तसा. शिंपला फोडल्याशिवाय तो हाती लागत नाही, आणि हाती लागला म्हणून शिंपला नव्हताच असे कुणी म्हणत नाही. आम्ही साठीच्या बायका ‘दुखते’ असे क्वचित म्हणतो. तसे म्हणून काय होणार, हे आम्हाला लहानपणी कळलेले असते. जे दुखणे दुसऱ्याच्या हाताखाली एकदाचे जागचे हलते, त्याला आम्ही हा शब्द देतो.

विद्यार्थ्यांनी दोन्ही वेळा चार-पाच किलोला ‘दुखते’ म्हटले. त्यांच्यात फरक पडला नाही, हे आपल्याच तक्त्यात आहे. फरक पडला तो आम्हा बायकांत, आणि त्यातही मणके बसवलेल्या सात जणींत, म्हणजे ज्या त्या घटकेला सुखावलेल्या होत्या आणि ज्यांना बोलावेसे वाटले त्यांच्यात. निबंधात त्याला ‘कालवे फोडणाऱ्या स्त्रियांमध्ये विशेष ठळक परिणाम’ असे गौरवाने म्हटले आहे. मणक्यांतून मेंदूकडे काय जाते याचे दोन पानी चित्रही आहे, बाणांसहित. तोंडातून काय बाहेर येते याचे चित्र काढायचे राहिले.

७. हे इथवर हसण्यावारी नेता आले असते. प्रा. मेंग यांचे नाव झाले, संस्थेच्या कमानीवर फलक लागला, आम्हाला प्रत्येकी एक टॉवेल आणि सोनेरी किनारीचे ‘निरोगी नागरिक’ प्रमाणपत्र मिळाले. मालकांनी बारा प्रमाणपत्रे चौकटीत घालून शेडच्या भिंतीवर लावली. मी आजाराचा अर्ज केला तेव्हा माझी चौकट भिंतीवरून उतरली आणि मंडळाच्या टेबलावर गेली. मंडळाचा आदेश सोबत जोडला आहे. त्यात लिहिले आहे की अर्जदाराने आजाराच्या तीनच महिने आधी स्वतःला निरोगी घोषित केले होते. की अर्जदाराची वेदनेची जाणीव यंत्राच्या मर्यादेपलीकडे कमी आढळली, सबब ती सांगते त्या वेदनेवर भरवसा ठेवता येत नाही. की मणके हाताळल्यानंतर तिला वेदना नाही हे शास्त्रीयदृष्ट्या नोंदलेले आहे. चौथे कारण वय. ते एकटेच त्यांचे स्वतःचे आहे.

म्हणजे मी बोलले तर खोटी, कारण यंत्राने मला दगड ठरवले आहे. आणि दगडाचा खांदा फाटला तर तो झिजला असे म्हणतात. मंडळातल्या एका सदस्याने मला विचारले की दहा किलो दाब सोसणाऱ्या बाईला एवढ्याशा शिंपल्याचे काय ते ओझे. मी त्यांना एक शिंपला उघडून दाखवा म्हटले असते, पण त्यांची नखे फार सुंदर होती.

८. आपले पत्र आल्यावर आठवड्याने, १० ऑगस्ट रोजी, प्रा. मेंग स्वतः माझ्या घरी आले. हातात पीचची पेटी. आल्या आल्या त्यांनी मला आई म्हणायला सुरुवात केली. मला दोन मुले आहेत. दोघेही दर रविवारी फोनवर खांदा कसा आहे विचारतात, त्यामुळे हा तिसरा त्यांच्यातला नसावा हे मी ओळखले. बसल्या बसल्या दहा मिनिटांत ते चुळबुळू लागले, कमरेला हात गेला. मणके बसवणाऱ्याचे मणके कोण बसवतो, हे विचारणे मला बरे वाटले नाही. पाहुणा आहे म्हणून सार वाढले, चुलीवरून उतरवलेले, वाफाळते. त्यांनी पहिला घोट घेतला, तोंड उघडून वाफ सोडली, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘आहा, शिवोन.’ मी शब्दकोश आणायला उठले नाही.

त्यांचे म्हणणे असे होते. कलम नऊनुसार सहभागी कधीही माघार घेऊ शकते याची त्यांना कुणीतरी आठवण करून दिली होती, आणि आमच्यातल्या कुणी ते वाचले आहे का हे त्यांना पाहायचे होते. मी वाचले आहे असे सांगितल्यावर पीचची पेटी थोडी माझ्याकडे सरकली. सात जणी गेल्या तर निबंधात उरण्यासारखे काही उरत नाही, हे त्यांनी सांगितले नाही, पण पेटी पुन्हा सरकली. मग म्हणाले, ‘आई, तुमच्यापुरतं मी मंडळाला पत्र देतो. या बाईंचा आकडा अपवाद धरावा, असं लिहितो. तुमचं काम होऊन जाईल. बाकीच्यांना कशाला यात ओढायचं?’

मी विचारले, ‘आणि माझ्या शेजारच्या टेबलावरची छुन-ये?’

ते म्हणाले, ‘त्यांची कुठं काही तक्रार आहे?’

९. मी इथे काही लपवत नाही. तो प्रस्ताव मी दोन दिवस मनात घोळवला. अपवाद म्हणवून घ्यायला माझी ना नव्हती. फाटलेल्या खांद्याला मान-अपमान कळत नाही. शिवाय छुन-येचे नाव घेऊन मी स्वतःच कोड्यात पडले होते. ती पाचव्या टेबलावर, माझ्या डाव्या हाताला उभी असते, वय अठ्ठावन्न, आणि तिला आपल्या हाताळणीने खरोखर गुण आला होता. त्या दिवशी ती डाव्या कुशीवर झोपली, किती वर्षांनी, आणि सकाळी शेडमध्ये नव्या नवरीसारखी चेहरा उजळून आली. ते खोटे नव्हते. मी हाडे बसवणाऱ्यांच्या विरोधात नाही हे समितीने लिहून घ्यावे. ज्या हाताने तिला एक झोप दिली त्याला मी नाव ठेवत नाही. त्या एका झोपेवरून ज्यांनी तिला कायमची निरोगी ठरवले त्यांना ठेवते.

तिसऱ्या दिवशी छुन-ये काकड्या खारवायला माझ्याकडे आली. एक हात माझा, दोन तिचे, असे ठरले होते. एप्रन गळ्यात घातला आणि नाड्या तशाच लोंबत ठेवून ती माझ्यापुढे पाठ करून उभी राहिली. ‘ताई, बांध ग जरा. हात आज रुसलाय.’

कधीपासून, असे मी विचारले. वसंतात शेवाळ वाळत घातले तेव्हापासून, म्हणाली, पण कमी-जास्त होते, काही नाही. मी म्हटले, ‘मग सांगितलं का नाहीस कुणाला?’

ती पाठमोरीच म्हणाली, ‘कुणाला सांगू? माझंही दहा किलोच आहे ना.’

मी नाड्या बांधल्या. एका हाताने गाठ मारायला वेळ लागतो, ती उभी राहिली. त्या वेळेत माझे ठरले. मी अपवाद झाले तर उरलेल्या अकरा नियम होतील. पुढच्या हिवाळ्यात छुन-ये मंडळापुढे उभी राहील, त्यानंतर नवव्या टेबलावरची, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात एक सोनेरी चौकट ठेवली जाईल. माझे पत्र दाखवून त्यांना सांगितले जाईल की पाहा, अपवाद होता तो केव्हाच वेगळा काढला आहे. बारा खांद्यांतला एक सोडवायचा आणि अकरा पुरायचे, एवढी हुशारी प्राध्यापकाला शोभते.

१०. सबब संमतिपत्राच्या कलम नऊनुसार, ‘सहभागी व्यक्ती कोणत्याही वेळी, कोणतेही कारण न देता माघार घेऊ शकेल व तिची माहिती वापरली जाणार नाही’ या आपल्याच शब्दांना धरून, आम्ही बाराही जणी आजपासून या चाचणीतून माघार घेत आहोत. बारा माघारपत्रे सोबत आहेत. या खेपेस प्रत्येकीने स्वतःच्या हाताने लिहिले आहे आणि शिक्के हात पुसून मारले आहेत. आमचे आकडे तक्त्यातून काढावेत. प्रमाणपत्रे रद्द झाल्याचे पत्र मालकांना, आणि आमचे आकडे कोणत्याही कामी ग्राह्य नाहीत असे पत्र मंडळाला १२ सप्टेंबरपूर्वी पाठवावे, व त्याची एक प्रत मला द्यावी. निबंध आधीच छापून झाला आहे ही अडचण प्रा. मेंग यांनी मला दोनदा सांगितली. मी एकतीस वर्षांत जे शिंपले उघडले त्यांनाही परत मिटता येत नव्हते, तरी आतले कालव वाईट निघाले तर आम्ही ते गिऱ्हाइकाला देत नसू.

छुन-येची एक वेगळी चिठ्ठी आहे. तिला त्या दिवशी छान झोप लागली हे कुठेतरी लिहिलेले राहावे अशी तिची इच्छा आहे. तो भाग समितीने जरूर ठेवावा. तेवढीच एक गोष्ट त्या दिवशी खरी सापडली होती, आणि ती कुणी मोजली नव्हती. पुढे कधी अशी चाचणी करणे झाले तर आमची हरकत नाही. फक्त कागदावर तिसरी चौकट काढावी, आणि दांडा धरणारा माणूस या किनाऱ्यावरचा असावा.

११. कारण देण्याची गरज नाही असे कलम म्हणते, तरी मी अकरा परिच्छेद लिहिले. ते समितीसाठी लिहिले आहेत असे समितीने समजू नये. यातली एक प्रत मी मंडळापुढे वाचणार आहे. आपले पत्र वेळेत आले तर ते आधी वाचीन, न आले तर ते न आल्याचे वाचीन. १२ सप्टेंबरला पहिल्या बसने आम्ही बाराही जणी जाणार आहोत. सदस्यांच्या पुढ्यात ओळीने उभ्या राहून उजवा हात वर करणार आहोत, जिचा जिथवर जातो तिथवर, कुणाचा कानापर्यंत, कुणाचा खांद्यापर्यंत, कुणाचा जागच्या जागी. मोजायचे त्यांनी मोजून घ्यावे.

त्याच दिवशी हंगामाआधी शेड धुवायला मालकांनी सगळ्यांना बोलावले आहे. जी येणार नाही तिचे टेबल जाईल हेही त्यांनी सांगितले आहे. आम्ही बारा सह्यांनिशी लेखी कळवले आहे की येता येणार नाही. कारण विचारले होते. दुखते आहे, असे कळवले आहे.

नम्रता शिल्लक उरली तेवढीच पाठवणारी,

सागोंग ओक-बुन
(शिक्का)
हान्मोक बंदर, दि. २८ ऑगस्ट २०२३

सोबत: बारा माघारपत्रे, मंडळाच्या आदेशाची प्रत, उजव्या खांद्याचे चित्र, छुन-येची चिठ्ठी.